चोचीवर हळद, चोचीवर कुंकू

चोचीचं टोक पिवळंधमक, मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपके. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या मनोऱ्यावरून हे बदक दुर्बिणीत सापडलं की नाव विचारावं लागत नाही: हळदी-कुंकू बदक! बाकीची बरीच मंडळी थंडीपुरती पाहुणी, हे मात्र बारा महिने आपलंच. ज्या कुणी हे नाव ठेवलं, त्याची नजर काय असेल!

मराठी नावं अशीच डोळ्यांनी ठेवलेली आहेत. भुवई बदकाच्या नराला ठसठशीत पांढरी भुवई, तलवार बदकाची शेपटी लांब नि टोकदार, थापट्याची चोच पुढं थापीसारखी पसरट. नावं नीट ऐकली तरी निम्मी ओळख पटते.

थापट्यांवरून नजर हटत नाही. एकामागोमाग एक लागून ही बदकं पाण्यात चक्क रिंगण धरतात. पायांनी ढवळलेल्या पाण्यातून बारीक जीव नि बिया वर येतात, मागचा थापट्या ते चोचीनं गाळून घेतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, तीच त्याची चाळणी. गंमत म्हणजे रिंगण यांचं आणि ‘वारकरी’ हे नाव मात्र शेजारी पोहणाऱ्या काळ्या पक्ष्याचं! कपाळावर पांढरा टिळा असलेला हा वारकरी बदक नव्हेच. त्याच्या पायाची बोटं पडद्यानं जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते. काठावर चढला की पायांचा एक फोटो जरूर घ्या.

एवढी गर्दी इथंच का? निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा भेटतात तिथं गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. गाळ साचत गेला, बेटं उभी राहिली, पाणी उथळ झालं. पाणी साठवणाऱ्याला गाळ नकोसा, बदकांना मात्र तो वाढलेल्या ताटासारखा. कारण तलवार, भुवई, चक्रांग ही मंडळी सहसा बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपटी वर, आणि मान पोचेल तेवढंच जेवण. १९८६ साली अभयारण्य झालेली ही जागा २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली.

चक्रवाक दिसला तर दोन मिनिटं कॅमेरा खाली ठेवा. संस्कृत कवींनी याच्या जोडीची रोज रात्री ताटातूट केली. केशरी अंगाचा हा पक्षी थंडीत हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाला संदेश देणारं यंत्र लावलेला चक्रवाक ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कळसूबाईवर कळसूबाई अशा चार रचल्या, तरी तो वरूनच जाईल.

झोपलेला थवा कंटाळवाणा वाटतो? कडेचं बदक बघा. मॅलार्ड बदकांच्या अभ्यासात दिसलं, की रांगेच्या टोकाला झोपणारी बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा राखण करतो.

आता फोटोचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बरेच नर माद्यांसारखेच मळकट दिसतात, पिसं बदलून पुरती झालेली नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते नवरदेवासारखे नटतात. बदकं वाऱ्याकडं तोंड करून उडतात आणि उतरतातही, म्हणून वारा आपल्या पाठीवर घ्या. पक्षी समोरून येतील. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं उडण्याआधी पाण्यावर धावतात, तिथं तयारीला वेळ मिळतो. चक्रांग मात्र जागेवरून सरळ वर उसळतो, त्याच्यासाठी शटर १/२००० च्या पुढंच असू द्या. तलवार बदकाची पांढरी छाती उन्हात पार पांढरीफटक होते, उजेड थोडा कमी धरा.

उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणी टाळ्या वाजवतं, खडा मारतं, तेव्हा मला मनापासून राग येतो. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी ही पाखरं दाण्यादाण्यानं चरबी साठवत असतात. आपल्या एका फोटोपायी ती का जाळायची? बसून राहिलं की ती आपणहून जवळ येतात.

चक्रांगाचा नर तर बसणाऱ्यालाच कळतो. तांबूस डोक्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत गेलेला पट्टा लांबून काळाच वाटतो. त्याचा खरा रंग पिसाच्या बारीक रचनेतून आणि प्रकाशाच्या कोनातून उमटतो. सकाळचं ऊन पाठीशी, मनोऱ्याच्या कठड्यावर वाळूच्या पिशवीवर टेकवलेली लेन्स, चक्रांग चोच पिसांत खुपसून बसलेला. पाठीवरचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळतात. मग तो मान वळवतो, आणि काळा पट्टा एकदम हिरवागार पेटतो. बोट तेव्हा दाबायचं.