कॅस्ट्रो स्ट्रीटचा नगरसेवक

अमेरिकेत निवडून आलेला पहिला उघड समलिंगी लोकप्रतिनिधी म्हणून हार्वी मिल्कचे नाव सरसकट घेतले जाते. तो पहिला नव्हता. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात कॅथी कोझाचेंको ही विद्यार्थिनी एप्रिल १९७४ मध्ये नगरपरिषदेवर निवडून आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात इलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत पोचली. खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत होझे सारिया या कलावंताने १९६१ मध्येच निवडणूक लढवून काही हजार मते घेतली होती. मिल्कला पद मिळाले ते १९७८ च्या जानेवारीत, आणि लाभले जेमतेम अकरा महिने. तरी नाव राहिले ते त्याचेच. गोळ्या लागून मेला म्हणून राहिले, असे कुणी म्हणेल. ते अर्धेच खरे. हुतात्म्याच्या तसबिरीमागे एक अस्सल वॉर्डातला कार्यकर्ता झाकला गेला आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याचा पूर्वार्ध वाचताना हा माणूस पुढे चळवळीत येईल असे अजिबात वाटत नाही. २२ मे १९३० चा जन्म, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे ज्यू कुटुंब, आजोबांचे मोठे दुकान. गणितात पदवी, मग कोरियन युद्धाच्या काळात नौदल, मग शाळामास्तरकी, विमा कंपनी, वॉल स्ट्रीट. १९६४ मध्ये तर हा गृहस्थ बॅरी गोल्डवॉटर या कट्टर उजव्या उमेदवाराचा प्रचार करत होता. आपले समलिंगी असणे त्याने आईवडिलांपासून लपवले. क्रेग रॉडवेल नावाच्या तरुणाशी त्याचे प्रेम होते, पण रॉडवेलची चळवळ आणि पोलिसांशी त्याचे खटके मिल्कला पेलवेनात. पुढे ज्याने साऱ्या राज्याला ‘उघडपणे सांगा’ म्हणून बजावले, त्याने स्वतः चाळिशीपर्यंत दार लावून घेतले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रॉडवेच्या नाटकवाल्यांत तो मिसळला, केस वाढवले, आणि १९७२ मध्ये जोडीदार स्कॉट स्मिथबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला कायमचा राहायला आला.

तिथला कॅस्ट्रो हा भाग मूळचा आयरिश कॅथलिक कामगारांचा. ती कुटुंबे उपनगरांत निघून जात होती, आणि रिकाम्या पडलेल्या जुन्या लाकडी घरांत देशभरातून आलेले समलिंगी तरुण राहायला येत होते. मार्च १९७३ मध्ये मिल्क आणि स्मिथने ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट या पत्त्यावर कॅमेऱ्याचे दुकान उघडले. दोघांनाही धंद्याची फार जाण होती असे नाही. दुकानात फिल्म धुवायला टाकणाऱ्यांपेक्षा गप्पा मारणारे, घरमालकाची तक्रार घेऊन येणारे, नोकरी शोधणारे जास्त. पुढे तिथे मतदार नोंदणीचे अर्ज आणि प्रचाराचे फलक रचले गेले.

राजकारणात तो पडला त्याची कारणे तशी किरकोळ. विक्रीकराची आगाऊ अनामत मागायला आलेल्या सरकारी माणसाशी दुकानातच त्याचे वाजले. शाळेचा प्रोजेक्टर धड नाही म्हणून एक शिक्षिका उसना मागायला आली. शिवाय दूरचित्रवाणीवर वॉटरगेटची सुनावणी सुरू होती, ती बघून तो पडद्यावर ओरडत असे. त्याच वर्षी तो शहराच्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’साठी उभा राहिला. हे अकरा जणांचे मंडळ म्हणजे आपल्या महापालिकेच्या सभागृहासारखेच, फक्त अधिकार बरेच जास्त.

शहरातल्या समलिंगी पुढाऱ्यांनाच तो नको होता. जिम फॉस्टर हा त्यांतला मुख्य. १९७२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात व्यासपीठावरून बोललेला माणूस. उदारमतवादी नेत्यांशी जुळवून घ्यावे, त्यांच्या कलाने हळूहळू हक्क मिळवावेत, ही या मंडळींची रीत. कालपरवा आलेल्या पोनीटेलवाल्याला फॉस्टरने सुनावले त्याचा मथितार्थ आपल्याकडच्या कोणत्याही पक्ष कार्यालयात कळेल: आधी सतरंज्या उचला, मग खुर्ची मागा. मिल्कचे म्हणणे उलटे होते. मित्र कितीही चांगला असला तरी तो आपल्या वतीने बोलतो ते उपकाराने. आपला माणूस सभागृहात बसला की हिशेब मांडता येतो. १९७३ मध्ये ३२ उमेदवारांत तो दहावा आला. मते साधारण सतरा हजार.

त्या निकालाचा नकाशा पाहिला तर खरी गोष्ट कळते. निवडणूक तेव्हा संपूर्ण शहरातून होई. वॉर्डावॉर्डातून झाली असती तर मिल्क पहिल्याच खेपेला निवडून आला असता, इतकी मते कॅस्ट्रोच्या परिसरात त्याच्या बाजूला एकवटली होती. आपल्या महापालिकांत प्रभाग एकाचा की चौघांचा यावरून दर निवडणुकीआधी जो घोळ चालतो, तो ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मिल्कने मग केस कापले, सेकंडहँड सूट घेतले आणि पायाखालची जमीन बांधायला घेतली. भागातल्या जुन्या व्यापारी संघटनेने समलिंगी दुकानदारांना आडकाठी केली होती. त्याने ‘कॅस्ट्रो व्हिलेज असोसिएशन’ उभी केली. १९७४ मध्ये रस्त्यावर जत्रा भरवली, आणि नाके मुरडणाऱ्या जुन्या दुकानदारांचाही त्या दिवशी गल्ला भरला. त्याच सुमारास ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनचा अ‍ॅलन बेअर्ड त्याच्याकडे आला. बिअरचे वितरक करारावर सही करत नव्हते, बहिष्कार घालायचा होता. मिल्क म्हणाला, करतो. पण तुमच्या ट्रकवर आमचे ड्रायव्हर घ्या. मग तो एकेका बारमधून हिंडला. अरब आणि चिनी किराणा दुकानदारांना युनियनने आधीच वळवले होते. बहिष्कार यशस्वी झाला. कामगार पुढारी आणि समलिंगी दुकानदार ही जोडी तोवर कुणी कल्पिली नव्हती. पुढच्या निवडणुकांत युनियनचा पाठिंबा मिल्कला मिळाला तो या व्यवहारातून. हक्काच्या भाषणांनी नाही मिळाला.

१९७५ ला सहा जागा होत्या, तो सातवा आला. नवे महापौर जॉर्ज मॉस्कोनी. मॉस्कोनी राज्याच्या सिनेटमध्ये असताना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द करण्यासाठी झटले होते. त्यांनी मिल्कला परवान्यांच्या अपील मंडळावर नेमले. पाचच आठवड्यांत मिल्कने पक्षश्रेष्ठींना न विचारता विधानसभेची उमेदवारी जाहीर केली, आणि पद गेले. ती निवडणूकही आर्ट अ‍ॅग्नोसकडून तो चार हजारांच्या आत हरला. अ‍ॅग्नोसने त्याला एक सल्ला दिल्याचे सांगतात: तुझे भाषण निराश करते, ऐकणाऱ्याला आशा देऊन घरी पाठव. मिल्कचे ‘आशेचे भाषण’ पुढे जगभर गाजले. त्याचे बीज प्रतिस्पर्ध्याचे आहे.

नोव्हेंबर १९७६ मध्ये शहराने वॉर्ड पद्धत स्वीकारली आणि सारे गणित फिरले. दरम्यान, जून १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंटच्या मोहिमेने समलिंगींना संरक्षण देणारा नियम मतदानाने रद्द करवला होता, त्यामुळे कॅस्ट्रोत संताप होताच. मिल्कची प्रचारप्रमुख अ‍ॅन क्रोनेनबर्ग ही विशीतली मोटरसायकलवाली. नोव्हेंबरात सोळा प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून ‘डिस्ट्रिक्ट ५’ त्याने जिंकला. त्याच वॉर्ड पद्धतीतून त्या खेपेला गॉर्डन लाऊ हे चिनी वंशाचे, एला हिल हच या कृष्णवर्णीय आणि कॅरोल रूथ सिल्व्हर ही मुलाला एकटीने वाढवणारी आईही सभागृहात आली. आणि डॅन व्हाइटही. पूर्वीचा पोलिस, मग अग्निशामक, शहराच्या दक्षिण टोकाच्या कॅथलिक कामगार वस्तीचा लाडका. म्हणजे ज्या दाराने मिल्क आत आला त्याच दाराने त्याचा मारेकरी आला.

सभागृहातला मिल्क बघण्यासारखा आहे. समलिंगींना नोकरी-घरांत संरक्षण देणारा ठराव त्याने दहा विरुद्ध एक मताने मंजूर करून घेतला. विरोधातले एकमेव मत व्हाइटचे. पण शहरभर त्याचे नाव झाले ते कुत्र्यांच्या घाणीवरून. मालकाने आपल्या कुत्र्याची विष्ठा उचललीच पाहिजे असा नियम त्याने आणला, आणि वार्ताहरांना डुबोस पार्कमध्ये बोलावले. कॅमेरे सुरू असताना, बोलता बोलता त्याचा पाय नेमका घाणीत पडला. जागा त्याने आधीच येऊन नक्की केली होती. हा नाटकीपणा काहींना उथळ वाटे. मला त्यात त्याची हुशारी दिसते. ज्या बाईला समलिंगी शब्द उच्चारायचाही संकोच होता, तिच्या बुटालाही तीच घाण लागत होती. जमिनीच्या सट्टेबाजीवर कर लावण्याचा त्याचा प्रयत्न मात्र फसला.

१९७८ चे मोठे युद्ध होते ‘प्रपोझिशन ६’. जॉन ब्रिग्ज या राज्य सिनेटरने मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव: समलिंगी शिक्षकांना, आणि त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्यांनाही, सरकारी शाळांतून काढून टाकता यावे. मिल्क आणि प्राध्यापिका सॅली गिअरहार्ट यांनी ब्रिग्जशी जागोजागी वाद घातला. शिक्षकांचे पाहून मुले तशी होतात, या मुद्द्यावर मिल्क विचारी, मग ननच्या शाळांतून इतक्या मुली शिकल्या, त्या सगळ्या नन का नाही झाल्या? पण त्याचा खरा भर वेगळ्या गोष्टीवर होता. आपल्या ओळखीत असे कुणी नाही असे ज्याला वाटते तो विरोधात मत देतो; म्हणून घरी सांगा, शेजाऱ्याला सांगा, कामावर सांगा. ही घोषणा भावनिक वाटते. प्रत्यक्षात तो मतदार यादी हातात घेऊन केलेला हिशेब होता. जिमी कार्टर विरोधात उतरले, आणि रोनाल्ड रेगनही. ७ नोव्हेंबरला प्रस्ताव दहा लाखांहून जास्त मतांनी पडला.

या ‘उघड सांगा’ची दुसरी बाजू आढाव्यात टाळता येत नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर एका बाईने पिस्तूल रोखले, तेव्हा ऑलिव्हर सिपल या माजी सैनिकाने तिचा हात धरला. सिपल समलिंगी होता, पण घरी कुणाला माहीत नव्हते. मिल्कने ही गोष्ट वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाला, हर्ब केनला सांगितली. आपल्यातला एक शूर माणूस जगाला दिसावा, हा हेतू. सिपलच्या आईने मुलाशी बोलणे टाकले. चळवळीच्या हिताचे नाव घेऊन एका माणसाचे घर मोडले गेले, आणि ते मोडण्याचा अधिकार मिल्कला नव्हता. जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेंपल’ पंथाचे स्वयंसेवक प्रचाराला मिळत, म्हणून जोन्सची भलामण करणारे पत्र त्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना लिहिले होते. त्याच नोव्हेंबरात गयानाच्या जंगलात जोन्सच्या नऊशेवर अनुयायांचा अंत झाला. शहरातल्या इतर बड्या नेत्यांनीही जोन्सला डोक्यावर घेतले होते हे खरे, पण त्याने मिल्कचे पत्र पुसले जात नाही.

डॅन व्हाइट सुरुवातीला त्याच्याशी बरा होता. बाळाच्या बाप्तिस्म्यालाही त्याने मिल्कला बोलावले होते. व्हाइटच्या वॉर्डात मनोरुग्ण मुलांचे केंद्र येणार होते, त्याला व्हाइटचा विरोध होता. मिल्कने आधी साथ देऊ केली आणि ऐनवेळी केंद्राच्या बाजूने मत दिले. तिथून बिनसले. सुपरवायझरचा वार्षिक पगार ९,६०० डॉलर, तेवढ्यात व्हाइटचे घर चालेना. १० नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला, मग परत मागितला. मॉस्कोनी आधी तयार झाले, पण सभागृहातले मतांचे पारडे पाहता मिल्कने त्यांना नको म्हणून सांगितले, आणि त्यांनी विचार बदलला. २७ नोव्हेंबर १९७८ च्या सकाळी व्हाइट तळघराच्या खिडकीतून नगरभवनात शिरला, कारण दरवाजावर धातुशोधक होता. मॉस्कोनींना गोळ्या घातल्या, पिस्तूल पुन्हा भरले आणि मिल्कला आपल्या जुन्या खोलीत बोलावून पाच गोळ्या घातल्या. सुपरवायझर्स मंडळाच्या अध्यक्षा डायॅन फाइनस्टाइन धावत आल्या, नाडी बघायला गेल्या तर बोट गोळीच्या जखमेत गेले. त्या रात्री कॅस्ट्रोपासून नगरभवनापर्यंत हजारो लोक मेणबत्त्या घेऊन मूकपणे चालले.

खटल्यात ज्यूरीवर एकही उघड समलिंगी नव्हता. नैराश्याचे लक्षण म्हणून व्हाइट गोड खाण्यावर घसरला होता, असे मानसोपचारतज्ज्ञाने सांगितले; वर्तमानपत्रांनी ट्विंकी नावाच्या केकवरून त्याचा ‘ट्विंकी बचाव’ केला. २१ मे १९७९ ला निकाल लागला: खून नव्हे, सदोष मनुष्यवध, सात वर्षे आठ महिने. त्या रात्री नगरभवनाच्या काचा फुटल्या, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आणि नंतर पोलिसांनी कॅस्ट्रोतल्या बारमध्ये घुसून हिशेब चुकता केला. दुसऱ्या दिवशी मिल्कचा वाढदिवस होता. तो त्याच रस्त्यावर शांततेत साजरा झाला. व्हाइट पाच वर्षांत सुटला आणि १९८५ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पुढे सन्मान पुष्कळ आले. २००९ मध्ये ओबामांनी मरणोत्तर ‘मेडल ऑफ फ्रीडम’ दिले, विमानतळाच्या टर्मिनलला नाव लागले, नौदलाच्या जहाजालाही लागले. ते जहाजावरचे नाव जून २०२५ मध्ये सरकारने काढून टाकले. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा फास ६ सप्टेंबर २०१८ ला सैल झाला, आणि २०२४ मध्ये अनीश गावंडे हा उघड समलिंगी तरुण राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचा राष्ट्रीय प्रवक्ता झाला. प्रवक्तेपद पक्ष देतो. वॉर्ड मतदार देतात. ती पायरी अजून बाकी आहे.

एका तारखेकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. ऑगस्ट १९८० मध्ये, हत्येला दोन वर्षेही झाली नसताना, सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी वॉर्ड पद्धत रद्द केली आणि पुन्हा शहरभरातून निवडणुका सुरू झाल्या. ती परत आली २००० साली. मिल्कवरचा २००८ चा शॉन पेनचा सिनेमा चांगला आहे, पण त्याआधी रॉब एपस्टाइनचा १९८४ चा ऑस्कर मिळालेला माहितीपट बघावा. त्यात मोटार मेकॅनिकांच्या युनियनचा एक पुढारी बराच वेळ बोलतो. तेवढ्यासाठी तरी बघाच.