थिंकपॅडची डागडुजी

आयबीएमचा थिंकपॅड 700सी ऑक्टोबर 1992 मध्ये आला. जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या चमूने तो घडवला. त्याचे काळे, चौकोनी रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचे. जपानी बेंतो डब्यावरून ते सुचले होते: वरून साधे झाकण, आत सगळे नीट मांडलेले. 2005 साली हा व्यवसाय लेनोव्होकडे गेला. त्या आधीचे आणि लगेच नंतरचे थिंकपॅड आजही चालू ठेवता येतात, कारण ते उघडण्यासाठीच बांधले होते. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आयबीएमने सर्वांना खुली ठेवली. कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, कोणता स्क्रू किती लांबीचा, हे सारे तिच्यात असते. बदलता येणाऱ्या भागांना क्रमांक असल्यामुळे जुन्या बाजारात नेमका तोच भाग शोधता येतो. स्क्रूची लांबी ही किरकोळ बाब नाही. लांब स्क्रू चुकीच्या भोकात आवळला, तर तो थेट मदरबोर्डात घुसतो.

बंद पडलेले यंत्र हाती आले की आधी चार्जर तपासावा. टी मालिकेत टी43 पर्यंतच्या यंत्रांना 16 व्होल्ट लागतात, 2006 च्या टी60 पासून 20 व्होल्ट. मग मोठी बॅटरी, हार्ड डिस्क आणि जादा रॅम काढून, कमीत कमी भागांवर यंत्र सुरू करावे आणि एकेक भाग परत जोडत दोष गाठावा. पडदा काळा असेल तर बाहेरचा मॉनिटर लावावा. त्यावर चित्र आले, तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे. पडद्यावर तिरका टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसले, तर दोष मागच्या दिव्यात किंवा त्याला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये असतो. इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट देतो. वीज चालू असताना त्याला हात लावू नये. सुरुवातीला गुलाबी दिसणारा पडदा म्हणजे मागच्या दिव्याची म्हातारी झालेली नळी.

सुरू होतानाच 161 आणि 163 हे आकडे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. घड्याळाची छोटी बॅटरी संपलेली असते आणि तारीख-वेळ पुसली गेलेली असते. बॅटरी बदलून तारीख भरली की काम झाले.

जुन्या लॅपटॉपमध्ये चिप क्वचितच आधी दगा देते. आधी सडते ती रसायने. नव्वदच्या दशकातल्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डाजवळ निकेल-मेटल हायड्राइडची राखीव बॅटरी असे. ती गळली की अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. म्हणून यंत्र मिळताच, ते चालू असो वा नसो, ही बॅटरी काढून टाकावी. गळती झाली असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने अल्कली मारावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण सुकवावा. त्या काळातले छोटे कपॅसिटरही असेच पाझरतात. त्यांच्यावर सोल्डरिंगशिवाय उपाय नाही. पडद्याची पोलरायझर फिल्म कुजली की शिरक्याचा वास येतो आणि कडेपासून डाग पसरत जातात. फिल्म सोलून नवी लावता येते, पण हे काम फार चिकाटीचे. झाकणावरचा मऊ रबरी लेप ओलाव्याने चिकट होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. तो लेप अल्कोहोलने पुसून काढला तरी चालतो.

टी40 ते टी42 यांचा दोष वेगळा आहे. एका कोपऱ्याला धरून उचलल्यावर यंत्र किंचित वाकते आणि ग्राफिक्स चिपखालचे सोल्डरिंग तडकते. पडद्यावर रेषा येतात, मग काहीच येत नाही. टी60 मध्ये आत मॅग्नेशियमचा सांगाडा घातला गेला. जुन्या टी मालिकेचे यंत्र दोन्ही हातांनीच उचलावे.

जुन्या हार्ड डिस्कला घरघर लागली की थांबू नये. तिच्या 44 पिनांच्या आयडीई जोडणीला साधा अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालते, कारण ते आयडीईचीच भाषा बोलते. मात्र नव्वदच्या दशकातल्या अनेक बायोसना 8.4 जीबीच्या पुढची जागा दिसत नाही.

1995 चा 701सी वेगळी काळजी मागतो. जॉन कॅरिडिस यांनी त्याचा कीबोर्ड दोन तुकड्यांत केला. झाकण उघडले की तुकडे सरकून जुळतात आणि यंत्रापेक्षा रुंद होतात. ही यंत्रणा इतकी सुंदर आहे की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संग्रहात घेतला. तुकडे कुठेही अडले तर झाकण जोराने लावू नये. तसे केल्यास कळा तुटतात आणि त्या मिळणे दुर्मीळ झाले आहे.

विकत घेताना बायोसच्या सुपरवायझर पासवर्डची चौकशी करावी. तो वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतो. घड्याळाची बॅटरी काढून जात नाही आणि आयबीएमचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच होता. ठेवताना मोठी बॅटरी बाहेर काढून, यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात ठेवावे आणि दर काही महिन्यांनी थोडा वेळ चालवावे.