वजन उतरत असताना कापडाची घाई नको

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याने गिऱ्हाइकाला ‘आज कापड घेऊ नका’ असे सांगावे, हे वाचून आमचे व्यापारी बंधू हसतील. पण असे सांगण्याची वेळ आता वारंवार येऊ लागली आहे. ते वेळेवर न सांगितल्यामुळे माझे एक वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटता तुटता वाचले, म्हणून हा विषय घेतला.

आमच्या मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी गिऱ्हाईक निवांत येते. अशाच एका शुक्रवारी हे गृहस्थ आले. साखरेचा आजार निघाल्याने डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते. दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते आणि गडी खुशीत होता. मुलाचे लग्न तीन महिन्यांवर होते. त्यांनी चार पँट, चार शर्ट आणि एका जोधपुरी सूटचे कापड घेतले. मीही आनंदाने फाडून दिले. माप लगेच गेले, शिलाई झाली. लग्नाच्या दिवशी पाहतो तर खांदे दंडावर उतरलेले, पँट पट्ट्याने आवळून चुन्या पडलेल्या. नंतर दुकानात आले तेव्हा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘सेठ, मला कळत नव्हते, पण तुमचा तर हा धंदा आहे.’’ हे बोलणे मला भांडणापेक्षा जास्त लागले.

हिशेब साधा आहे

बेताने वजन उतरवायचे तर आठवड्याला अर्धा ते एक किलो, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे तीन महिन्यांत सहा ते बारा किलो. एवढ्यात कमरेचे माप सहज दोन-तीन इंच बदलते. आज घेतलेले माप लग्नाच्या दिवशी चुकणारच होते. म्हणून वजन उतरत असेपर्यंत जुने कपडे आत घ्यावेत, अगदी नडले तर एखादा जोड नवा करावा, आणि वजन दोन-तीन महिने एका जागी टिकले की मगच मनासारखे कापड घ्यावे. आमच्या गावच्या दरात एका नव्या पँटच्या कापड-शिलाईत सात-आठ जुन्या पँटी आत घेऊन होतात.

पण ढगळ कपडे घालून दिवस काढावेत, असेही नाही. पंधरा किलो मेहनतीने उतरवलेला माणूस जुन्या शर्टात आजारी दिसतो. भेटेल तो विचारतो, ‘तब्येत बरी नाही का?’ त्याने त्याची हिंमत खचते. बाजारात तर माणूस खंगलेला दिसला की उधारीवर माल देणाराही दोनदा विचार करतो. तेव्हा नीटनेटके दिसणे हा केवळ शौक नाही.

काय आत घेता येते, काय नाही

पँट मागच्या मधल्या शिवणीतून दोन, फार तर अडीच इंच आत घेता येते. त्यापुढे गेलात तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडू लागतात आणि बाजूची शिवण मागे ओढली जाते. मग पट्टा उसवून बाजूनेही घ्यावे लागते आणि मजुरी वाढते. जीन्सच्या शिवणी दुमडून दुहेरी टिपेच्या असतात. त्या उसवणे जिकिरीचे असते, म्हणून जीन्स सगळ्यात शेवटी हाती घ्या.

शर्टाची बाजू आणि बाहीची खालची शिवण एका ओळीत येते. तिथून आत घेणे सोपे आणि स्वस्त. पण खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल तर बाही काढून मुंढा नव्याने कापावा लागतो. साध्या शर्टावर एवढा खर्च करू नका, तो घरात वापरायला ठेवा. जोधपुरी, शेरवानी आणि कोट यांना हाच नियम लावा. त्यांचा सगळा डौल खांदा आणि छातीवर असतो. वजन ठरेपर्यंत ते शिवू नयेत, आणि मध्ये लग्नकार्य आलेच तर भाड्याने आणण्यात कमीपणा नाही.

पायजमा आणि सलवार यांना नाडी असते, त्यामुळे ते कमरेला कायम बसतात असे आपल्याला वाटते. कमरेला बसतात, पण आसन खाली लोंबते. नेफा उसवून थोडा खोल दुमडला की आसन वर येते. हे काम घरातही होते.

बायकांच्या कमीजला बाजूने टीप मारली की फिटिंग येते. गळा पुढे लोंबत असेल तर खांद्याची शिवण थोडी उचलावी. साडीची तर काळजीच नाही, फक्त ब्लाउज पाहावा लागतो. ब्लाउजच्या बाजूला मास्टर दोन-तीन समांतर टिपा मारतात. अंग वाढले की बाहेरची ठेवून आतली उसवतात. अंग उतरले तर आत आणखी एक टीप मारायची, बस्स. ही जुनी युक्ती मर्दाना कपड्यांनाही चालते.

माया कापू नका

कपडा आत घेतल्यावर उरलेले कापड कातरीने उडवण्याची काही कारागिरांना सवय आहे. ते करू नका. वजन उतरलेल्यांपैकी अनेकांचे थोडेफार परत चढते, हे उघड आहे. शिवणीत माया ठेवली असेल तर कपडा पुन्हा सोडता येतो. मात्र रेशमी आणि चमकदार सिंथेटिक कापडावर जुन्या टिपेची भोके दिसतात. असे कपडे आत घ्यायला हरकत नाही, पण पुन्हा सोडले तर खूण राहते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

मधल्या काळासाठी एक-दोन जोड नवे करायचेच असतील तर कुर्ता-पायजमा उत्तम. त्यात चार-पाच किलोचा फरक पचतो. पँट-शर्ट लागतच असेल तर गडद, एका रंगाची टेरिकॉट पँट घ्यावी, ती कोणत्याही शर्टावर जाते. सुती कापड असेल तर शिवण्यापूर्वी पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्या धुण्यात कपडा आटतो आणि वजन परत वाढले या धास्तीने माणूस जेवण सोडतो! शेवटी इस्त्री. बेताचा पण कडक इस्त्रीचा शर्ट महागाच्या ढगळ शर्टापेक्षा केव्हाही बरा दिसतो.

टेलर मास्टरांसाठी दोन गोष्टी

पहिली गोष्ट टेपची. आपल्या भागातल्या पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर आणि बायकांची ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेहाचा धोका वाढतो, असे डॉक्टर मानतात. पण हे माप पँटच्या नंबरवरून समजत नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो. पँट छत्तीसची आणि पोट बेचाळीसचे, असे रोज दिसते. डॉक्टरांचे माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेतात. गिऱ्हाइकाने विचारले तर तेही माप घेऊन द्या, टेप तर गळ्यातच असते.

दुसरी गोष्ट मापाच्या वहीची. जुन्या गिऱ्हाइकाची मापे त्या वहीत वर्षानुवर्षे पडून असतात. कोणी काही प्रयत्न न करता दोन-तीन इंच उतरला असेल तर खुशीने नवे माप लिहून मोकळे होऊ नका. साखर वाढली तरी माणूस उतरतो, क्षय झाला तरी उतरतो. ‘भाईजान, एकदा दवाखान्यात दाखवून या’ एवढे सांगितल्याने आपले काही जात नाही. घरच्यांना रोज पाहून फरक कळत नाही, आपल्याला वहीत दिसतो.

रेडिमेड आणि मोबाइलवर मागवलेल्या मालाने शिलाईचे काम कमी केले, ही आपली सर्वांची तक्रार आहे. ती खरी आहे. पण आत घेणे, सोडणे, नेफा दुमडणे ही कामे माणसाला समोर उभे करूनच होतात. बरेच कारागीर ती हलकी समजून परत पाठवतात. सीझन नसलेल्या महिन्यांत याच कामांनी दुकानाचे भाडे निघू शकते.

मी आता वजन उतरवणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी मास्टरकडे पाठवतो. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडते, हे कबूल. ते लग्नवाले गृहस्थ मात्र आठ महिन्यांनी पुन्हा आले. वजन ठरले होते. मी आधी विचारले, ‘‘किती महिने झाले एका जागी?’’ ते हसले, म्हणाले, ‘‘तीन. आता फाडा.’’