सोयाबीनच्या गाठीतलं यंत्र

परवा आष्टीजवळच्या शेतात सोयाबीनचं झाड उपटलं आणि मुळावरची गाठ नखानं फोडली. आत मस्त गुलाबी! म्हणजे गाठ कामावर आहे.

आतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, नायट्रोजिनेज या विकराच्या जोरावर. खत कारखान्याला त्यासाठी 400 अंशांच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. फुकट मात्र इथेही नाही: नायट्रोजनच्या एका रेणूमागे निदान 16 एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च.

हे विकर दोन प्रथिनांचं. मोठ्याच्या पोटात लोह, गंधक, मॉलिब्डेनमचा गुच्छ. लहान येऊन चिकटतं, इलेक्ट्रॉन देतं, सुटतं, परत येतं.

2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अ‍ॅझोटोबॅक्टरचं (हो, कपाशीला लावतो तेच) नायट्रोजिनेज चालू कामात गोठवून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिलं. मोठ्या प्रथिनाला दोन बाजूंना जागा, तरी लहान प्रथिन एका वेळी एकाच बाजूला चिकटलेलं दिसलं! मला हेच सगळ्यात भारी वाटतं.

गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन आवरून धरतं, कारण मोकळा ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज बाद.

तुमच्याकडे गाठी आतून पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या का? फोटो टाका, प्रश्नही विचारा.