यंदा की पुढच्या वर्षी?

शेजारच्या मुलाचा प्रवेश झाला की आपल्याही घरी घाई सुरू होते, नाही का? पण मैत्रिणींनो, जरा जन्मतारीख पाहा. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होणारं मूल बालवर्गात आणि सहा पूर्ण होणारं पहिलीत बसू शकतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं बाळ जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असतं आणि वर्गातलं जानेवारीचं मूल त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठं! नियमात बसतं म्हणून घातलंच पाहिजे, असं नाही.

अक्षरं काय, शाळा शिकवीलच. तुम्ही एवढंच पाहा:

शू-शी लागली की सांगतं का?
डब्यातलं आपल्या हाताने खातं का?
तुमच्यावाचून दोन तास रमतं का?
परक्या माणसाला त्याचं बोलणं कळतं का?

बहुतेक उत्तरं ‘नाही’ असतील तर खुशाल वर्षभर थांबा. सासूबाईंनाही हे समजावून सांगा. पहिले आठ-दहा दिवस बहुतेक मुलं रडतात, त्याने घाबरू नका. महिना उलटूनही तेच चाललं, तर मात्र बाईंना भेटा. वर्गात मी नेहमी पाहते, उशिरा आलेलं मूल चटकन पुढे जातं. धास्ती घेतलेल्याला फार दिवस समजवावं लागतं.