मोटारीच्या इंधनप्रणालीतील दाबाची चाचणी : पद्धती आणि अन्वयार्थ

प्रस्तावना :
१ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू हद्दपार होऊन बहुबिंदू इंधन अंतःक्षेपण, म्हणजेच एमपीएफआय प्रणाली रूढ झाली. कार्बोरेटरला इंधन पोहोचवण्यास साधारणपणे ०.२ ते ०.३ बार इतका दाब पुरेसा असे. नव्या प्रणालीत तो सर्वसाधारणपणे २.५ ते ४ बार असतो. गाडी चढावर दम टाकू लागली वा सकाळी उशिरा सुरू होऊ लागली, की गॅरेजमध्ये प्रथम संशय इंधनपंपावर घेतला जातो व पुष्कळदा तो बदललाही जातो. पैसे खर्च होतात. दोष मात्र तसाच राहतो. दाबाची चाचणी कशी करावी आणि तिच्या नोंदींवरून नेमका कोणता निष्कर्ष काढता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दाबाचे प्रयोजन :
टाकीतील विद्युत पंप इंधन फिल्टरमधून इंधन रेलपर्यंत पोहोचवतो. दाबनियंत्रक, म्हणजेच रेग्युलेटर, दाब ठरावीक मर्यादेत राखतो आणि इंजेक्टर इंधनाचे तुषार सोडतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजेच ईसीयू ठरवतो. या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू इंधनदाब प्रत्यक्ष मोजत नाही. तो योग्य आहे असे गृहीत धरतो. इंजेक्टरमधील प्रवाह दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. दाबफरक ३ बारवरून २.४ बारवर आला, म्हणजे २० टक्क्यांनी घटला, तर तेवढ्याच वेळात मिळणारे इंधन सुमारे १०.५ टक्क्यांनी कमी होते. ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने ईसीयू ही उणीव काही काळ भरून काढतो. त्यामुळे दोष झाकलेला राहतो आणि इंजिनावर भार पडताच उघड होतो.

चाचणीची पद्धती :
पेट्रोलची वाफ सहज पेट घेते. म्हणून इंजिन थंड असावे, जागा हवेशीर असावी, जवळपास ज्योत वा ठिणगी नसावी आणि अग्निशामक हाताशी असावा. प्रथम पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाहिनीतील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. रेलवर चाचणीसाठी झडप असल्यास दाबमापक तिथेच जोडावा. नसल्यास योग्य मापाचा टी-जोड वापरावा. जोड सैल करताना भोवती फडके धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा. जोडणी झाल्यावर फ्यूज व बॅटरी पूर्ववत करून प्रथम गळती तपासावी.

यानंतर चार नोंदी घ्याव्यात. पहिली, चावी फिरवून पण इंजिन सुरू न करता. बहुतेक गाड्यांत अशा वेळी पंप दोन-तीन सेकंद चालतो. दुसरी, इंजिन मंदगतीने चालू असताना. तिसरी, भाराखाली. चौथी, इंजिन बंद केल्यानंतर उत्पादकाने दिलेल्या मुदतीपर्यंत टिकणाऱ्या दाबाची. प्रत्येक नोंद त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशीच ताडावी. एककांकडेही लक्ष हवे : १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, अर्थात सुमारे १४.५ पीएसआय.

नोंदींचा अन्वयार्थ :
परतवाहिनी असलेल्या अनेक प्रणालींत रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून एक हवेची नळी जोडलेली असते. मंदगतीत तेथे अंशतः निर्वात असल्याने इंधनदाब कमी असतो. ती नळी काढताच तो सुमारे अर्ध्या बारने वाढावयास हवा. दाब न वाढल्यास रेग्युलेटर किंवा नळी संशयास्पद ठरते. नळीत पेट्रोल आढळल्यास रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, असे समजावे. दाब सतत जास्त असल्यास अडकलेला रेग्युलेटर किंवा तुंबलेली परतवाहिनी तपासावी.

मंदगतीत योग्य असलेला दाब भाराखाली घसरला, तर तीन कारणे संभवतात : तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप आणि पंपाला मिळणारा अपुरा विद्युतदाब. इथेच घाई महागात पडते. पंप चालू असताना त्याच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या तुलनेत ते बरेच कमी असेल, तर गंजलेला जोड किंवा सैल अर्थिंग हे दोषाचे मूळ असू शकते आणि नवा पंपही तसाच दुबळा चालेल. फिल्टर टाकीबाहेर असल्यास त्याच्या आधीचा व नंतरचा दाब ताडून पाहता येतो. दाब पुरेसा असूनही प्रवाह अपुरा असू शकतो. म्हणून ठरावीक वेळात मिळणाऱ्या इंधनाचे मापनही आवश्यक असते.

इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असल्यास पंपातील एकदिशा झडप, रेग्युलेटर आणि गळणारा इंजेक्टर या तीन शक्यता उरतात. जेथे रबरी नळ्या आहेत तेथे पंप थांबताच पुरवठा-नळी दाबून धरावी. दाब टिकला तर दोष झडपेच्या बाजूस आहे. पुन्हा दाब निर्माण करून, पंप थांबल्यावर परतनळी दाबून धरता तो टिकल्यास रेग्युलेटर दोषी ठरतो. दोन्ही वेळा दाब उतरला, तर इंजेक्टर तपासावेत. प्लास्टिकच्या नळ्या मात्र कधीही दाबू नयेत.

मर्यादा :
उपरोक्त पद्धती कमी दाबाच्या प्रणालीपुरतीच आहे. थेट अंतःक्षेपण करणाऱ्या पेट्रोल इंजिनांत उच्चदाब बाजूस शंभराहून अधिक बार, तर कॉमन रेल डिझेल इंजिनांत हजाराहून अधिक बार दाब असू शकतो. असा झोत त्वचा भेदून शरीरात शिरतो. तेथे साधा दाबमापक न जोडता रेलमधील संवेदकाची नोंद स्कॅनरवर वाचावी.

निष्कर्ष :
दाबमापकावरील एकच आकडा दोषी भागाचे नाव सांगत नाही. तो शक्यतांची संख्या कमी करतो. स्थिती बदलून घेतलेल्या नोंदी, विद्युतदाब आणि प्रवाह यांची सांगड घातल्यावरच निदान सिद्ध होते. भौतिकशास्त्राच्या वा व्यवसाय अभ्यासक्रमाच्या वर्गात ही चाचणी शिकवताना भाग बदलण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व या अनुमानपद्धतीस दिले जावे. तसे झाल्यास ग्राहकाचा अनावश्यक खर्च टळेल आणि विद्यार्थ्यास पुराव्यावरून निर्णय घेण्याची सवय लागेल.