सातपुड्याच्या अलीकडचं मुंगूस

वऱ्हाडात वावराच्या धुऱ्यावरून पऱ्हाटीत सुरकन शिरणारं मुंगूस सगळ्यांच्या ओळखीचं. ते दिसलं की दिवस चांगला जातो असं मानणारी माणसं अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत आजही भेटतात, आणि रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगणारी पोरंही. याच जनावराचं मराठी नाव इंग्रजीत ‘मॉंगूज’ होऊन बसलं. इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठी म्हणून देतात. आपण मात्र मराठीने इंग्रजीला काय दिलं, याचा हिशेब क्वचितच मांडतो.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता, जुन्नरपर्यंतही गेला होता. 1698 साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हे नाव येतं. त्याआधी 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात या प्राण्यासाठी तमिळ ‘कीरी’शी नातं सांगणारं नाव होतं. ते युरोपात रुजलं नाही. रुजलं ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बोलण्यातलं.

या नावाचा नकाशा पाहण्यासारखा आहे. कोकणीत मुंगूस, कन्नडमध्ये मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. मूळ द्राविडी असावं असं अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं, कारण संस्कृत ‘नकुल’ची वाट निराळी आहे: त्यावरून हिंदी नेवला आला. म्हणजे मेळघाट ओलांडून बैतुलकडे उतरलं की नेवला, अलीकडे परतवाड्यात मुंगूस. दख्खनच्या या नावाची उत्तरेकडची वेस वऱ्हाडाच्या डोक्यावरून, सातपुड्यातून जाते. आपल्या प्रदेशाची भाषिक ओळख सांगायला यापेक्षा बोलका पुरावा मला तरी सुचत नाही.

इंग्रजांनी स्पेलिंगात शेवटी ‘गूज’ आणलं, म्हणजे बदक जातीचा हंस. त्याच्याशी या नावाचा काडीचा संबंध नाही. म्हणूनच अनेकवचन ‘मॉंगीज’ होत नाही, ‘मॉंगूजेस’ होतं. फ्रेंच, इटालियन, रशियन भाषांतही हेच नाव थोड्या फरकाने नांदतं.

पुढे तर नाव जनावराच्याही पुढे धावलं. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला 1872 साली कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. बंगालीत त्यांना बेजी म्हणतात, पण बेटावर पोचलं ते दख्खनी नाव. तिथून ती इतर बेटांवर गेली आणि तिथल्या पक्ष्यांचा, सरड्यांचा फडशा पडला, दोष नेणाऱ्यांचा. किपलिंगच्या 1894च्या ‘जंगल बुक’मधला रिक्की-टिक्कीसुद्धा बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीत वावरतो, म्हणजे नेवल्याच्या मुलखात, आणि जगभरची मुलं त्याला मॉंगूज म्हणूनच ओळखतात.

घरचं जनावर मात्र संकटात आहे. रंगकामाच्या ब्रशांसाठी त्याचे केस चोरून विकले जातात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तरी हा धंदा थांबलेला नाही. असा ब्रश हाती आला तर चित्रकारांनी तो नाकारावा.

जनावराबरोबर त्याचं नावही जपायला हवं. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. वऱ्हाडी, कोरकू, हिंदी जिथे एकमेकांत मिसळतात त्या धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतून प्राण्यांच्या नावांची नोंद त्याने हाती घ्यावी, आणि सुरुवात मुंगसापासून करावी.